एकसष्ट आणि सात

भोंग्याला तेल घालायचा दिवस होता, म्हणून म्हातारा उजाडताच निघाला. एका हातात तेलाचं डबडं, दुसऱ्यात चिंधी. वजनकाट्याच्या शेडपाशी आला आणि जागच्या जागी थांबला. लाकडी चौथरा होता, त्यावर चार खिळ्यांची चार भोकं होती, भोंगा नव्हता.

मुकादम शेडमध्ये पोती मोजत होता.

"मुकादम, भोंगा कुठे गेला?"

"गोदामात ठेवलाय. कुलूप आहे."

"का?"

"आता इशारा फोनवर वाजणार, बुवा. कचेरीचा हुकूम आहे. तुम्ही सुटलात." मुकादम हसला, पण नजर पोत्यांवरच ठेवून.

म्हाताऱ्याला सगळे भोंगेबुवा म्हणत. कोणीतरी कधीतरी म्हणालं होतं, "आमच्या बुवांचं कीर्तन दोनच मिनिटांचं, पण सगळा गाव उठून पळतो." त्या दिवसापासून हेच नाव. काम तसं एवढंच. समुद्राकडच्या बांधावर एका दगडाला पांढरी खूण होती. उधाणाच्या दिवशी तिथे बसायचं, पाणी खुणेला लागलं की धावत येऊन भोंग्याचा दांडा फिरवायचा. मिठागरातले अडुसष्ट जण हातातलं टाकून उंचवट्यावर येत. बांध पुरुषभर उंच होता. खाली वाफ्यात काम करणाऱ्याला त्यापलीकडचा समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो, आणि तो तर रोजच ऐकू येतो.

भोंगा यायच्या आधीच्या वर्षी बांध फुटला होता. त्यात म्हाताऱ्याचा धाकटा भाऊ गेला. दोन दिवसांनी सापडला तेव्हा मुठीत मीठ ओढायच्या फळीचा दांडा तसाच होता, सोडवताना बोटं एकेक करून उलगडावी लागली. ते काम म्हाताऱ्यानेच केलं. तेव्हापासून त्याने भोंग्याला कधी गंज चढू दिला नव्हता.

आता तो तेलाचं डबडं हातात धरून भोकांकडे बघत राहिला. मग भोकांमध्ये साचलेलं मीठ चिंधीने पुसून परत फिरला.

*

त्याच आठवड्यात कचेरीचा साहेब मोजणीला आला. तरणा माणूस, बूट इतके स्वच्छ की चालताना तो प्रत्येक पाऊल आधी बघून टाकत होता.

"फोन मोजायचे नाहीत," तो म्हणाला, "फोनच्या आतली यंत्रणा मोजायची. ऑपरेटिंग सिस्टिम. जगात दहातले सात फोन अँड्रॉइडचे आहेत. उरलेले जवळजवळ सगळे आयफोन. तुमच्याकडे काय प्रमाण आहे ते कळलं की इशारा कोणासाठी आधी करायचा ते ठरेल."

"साहेब, फोन लावून सांगितलं तर नाही का चालणार?" एका बाईने विचारलं.

"अडुसष्ट जणांना एकेक फोन लावेपर्यंत पाणी तुमच्या चुलीत आलेलं असेल, ताई."

लोक हसले. मग सगळे शेडशेजारच्या खोपटाकडे गेले. खोपटाच्या आत भिंतीला लाकडी खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीला घराघरांच्या कापडी पिशव्या. कामावर आलं की फोन पिशवीत, पिशवी खुंटीला. मिठाच्या हाताने फोन धरला की महिन्याभरात त्याचा गळा बसतो, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक. लोकांनी आपापले फोन काढले, पदराला, सदऱ्याला पुसले आणि शेडमध्ये अंथरलेल्या रिकाम्या पोत्यांवर आणून मांडले. एका पोत्यावर एक जात, दुसऱ्यावर दुसरी.

पहिली ओळ वाढत वाढत शेडबाहेर गेली. दुसऱ्या पोत्यावर हळूहळू सात जमले.

"आमचं सफरचंद उष्टं आहे म्हणून पंगत वेगळी काय?" ताडमाड नावाचा उंच गडी ओरडला. त्याचा फोन सातांतला होता.

"इतके दिवस तर आमच्या फोनकडे बघून नाक मुरडत होतास," काटेवाला म्हणाला. "बस आता सात जणांत. भजनाला टाळकरीही पुरायचे नाहीत."

भोंगेबुवांच्या सुनेचा फोनही त्या सातांतला. तिचा नवरा शहरात फोन दुरुस्तीच्या दुकानात होता. कोणाचा तरी फुटका फोन त्याने घेतला, स्वतःच्या हाताने नवी काच बसवली आणि बायकोला पाठवला. काचेच्या एका कडेला डिंकाचा केसाएवढा धागा राहिला होता. तो तिने कधी खरवडून काढला नव्हता. संध्याकाळी फोन लावला की तिचा अंगठा नेमका त्या धाग्यावर असायचा.

म्हातारा सगळ्यात शेवटी आला. सदऱ्याच्या खिशातून त्याने आपला बटणांचा फोन काढला आणि कुठे ठेवावा ते न कळून दोन पोत्यांच्या मधोमध, जमिनीवर ठेवला.

साहेबाने तो बुटाच्या टोकाने नव्हे, हातानेच उचलला. तेवढी माणुसकी होती त्याच्यात. "बाबा, हा मोजायचा नाही. हा स्मार्टफोन नाही."

"वाजतो तर हाही," म्हातारा म्हणाला.

हशा झाला. म्हाताऱ्याने फोन घेतला, खिशात टाकला आणि खिशावर उगाच हात ठेवून उभा राहिला.

"एकसष्ट आणि सात," साहेबाने जाहीर केलं. "जास्त लोकांचं आधी. दहा दिवसांत एकसष्ट फोनांवर इशारा बसेल. उरलेल्या सातांचं पुढच्या सहा महिन्यांत बघू."

एकसष्टांनी टाळ्या वाजवल्या. अहो, टाळी ही फार भोळी गोष्ट. आपण कशासाठी वाजवतो हे ती विचारत नाही. मग सगळ्यांनी आपापले फोन उचलले, पुन्हा पुसले, पिशव्यांत घातले, पिशव्या खुंट्यांना लावल्या आणि वाफ्यांकडे गेले.

*

सून टोकाच्या वाफ्यावर होती. सगळ्यात खोल वाफा तो. त्याच्या अलीकडे एक रुंद चर होता आणि चरावर एकच फळकुट टाकलेलं. पाणी आलं की आधी तिथे.

संध्याकाळी ती पायाच्या भेगांना तेल चोळत बसली होती. सासू चुलीपाशी. म्हातारा दारात बसला आणि बराच वेळ नुसता घसा साफ करत राहिला.

"बोला काय ते," सासू म्हणाली. "खाकरून खाकरून घर हललं."

"सूनबाई, तो फोन बदलून घे."

सुनेचा हात थांबला. "मामंजी, सहा महिन्यांत आमच्या सातांचंही होणार आहे म्हणे."

"सहा महिन्यांत बारा उधाणं येतात, बाळ."

"बाकीचे ओरडतील की. ताडमाडचा आवाज तर पार घरापर्यंत येतो."

"तुझ्या वाफ्यावर वारा समोरून असतो. तिथे माझा भोंगासुद्धा पातळ होऊन यायचा. ताडमाड कोण लागून गेला!" त्याचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. "त्या वर्षीही लोक ओरडलेच होते. धाकट्याला ऐकू आलं नाही. पाठ होती त्याची."

सासूने चुलीतलं लाकूड आत सरकवलं.

"तुमचे चिरंजीव काय म्हणतील?" सून हळूच म्हणाली.

"त्याला मी सांगतो."

"तुम्ही नका सांगू. तुम्ही सांगितलंत तर ते धावत येतील. सुट्टी नाही त्यांना." तिने फोन उचलला, कडेवरून अंगठा फिरवला. "काटेवाल्याची मुलगी कधीची मागे लागली आहे. तिला हाच हवाय. ती कामावर येत नाही म्हणून मोजला नाही, पण तिच्याकडे त्या एकसष्टांच्या जातीचा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळीच अदलाबदल झाली. काटेवाल्याची मुलगी आनंदाने नाचली आणि पहिलं काम काय केलं, तर नखाने तो डिंकाचा धागा सोलून काढला. सून बघत होती. "किती घाण साचली होती बघ ना, वहिनी," मुलगी म्हणाली. सून हसली आणि घरी येऊन पाण्याच्या हंड्यापाशी जरा वेळ उभी राहिली.

दहा दिवसांनी साहेब पुन्हा आला. सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. फोन हातात घेऊन लोक उभे राहिले, साहेबाने प्रत्येकात इशारा बसवला आणि मग स्वतःच्या फोनवर बोट टेकवलं. बासष्ट फोन एकदम किंचाळले. लहान मुलं रडायला लागली, कुत्रं शेडबाहेर पळालं.

"पोहोचला?" साहेब ओरडला.

"पोहोचला!"

म्हाताऱ्याने सुनेच्या हातातल्या वाजणाऱ्या फोनकडे बघितलं. देवा, तुझे उपकार, तो मनात म्हणाला. मग फोन पिशव्यांत गेले, पिशव्या खुंट्यांवर गेल्या. त्याच्याही डोळ्यांसमोरूनच गेल्या. रोज बघितलेल्या गोष्टीला माणूस आंधळा असतो. आणि भीती एकाच बाजूला बघत बसली की दुसऱ्या बाजूचं दार सताड उघडं राहतं.

*

पौर्णिमेचं उधाण भर दुपारचं होतं. मुकादम कचेरीत गेला होता, गोदामाची किल्ली त्याच्या कमरेला. म्हाताऱ्याला आता पोत्यांची तोंडं शिवायचं काम दिलं होतं. खोपटाच्या सावलीत, समुद्राकडे पाठ करून तो दाभण चालवत होता. पाठीमागे वारा सुटला आहे हे त्याच्या मानेला कळत होतं. दोनदा तो उठला, दगडाची खूण बघून यावी म्हणून. दोनदा बसला. बांधावर कचेरीने पाणी मोजायची नळी बसवली होती, इशारा आता तीच देणार होती. "आता तिकडे जायचं नाही, नळीला धक्का लागेल," असं मुकादमाने बजावलं होतं.

तिसऱ्यांदा उठणार, तेवढ्यात खोपटात पिशव्या किंचाळल्या.

सगळ्या. एकदम. भिंत थरथरली, खुंट्यांवरच्या पिशव्या आतून दिवे लागल्यासारख्या उजळल्या. दाभण त्याच्या अंगठ्यात गेलं. आला, इशारा आला, आता येतील सगळे, म्हणून त्याने वाफ्यांकडे बघितलं.

कोणीच येत नव्हतं.

जवळच्या वाफ्यावरची बाई वाकून टोपली भरत होती. त्यापलीकडे दोघं फळी ओढत होते. त्यापलीकडे ठिपके. त्या सगळ्यांवर ऊन, पांढरंफटक, आणि सगळं कसं शांत, रोजच्यासारखं. त्याच्या पाठीशी बासष्ट गळे फुटत होते आणि त्याच्यासमोर अडुसष्ट माणसं मीठ ओढत होती.

तो गोदामाकडे धावला. कुलूप दोन्ही हातांनी ओढलं. बिजागरी जुनी होती, पण कुलूप नवं. परत धावला. काय करावं सुचेना, म्हणून खुंट्यांवरच्या पिशव्या ओरबाडून एका रिकाम्या पोत्यात कोंबल्या, पोतं पाठीवर टाकलं आणि बांधाच्या वाटेने पळत सुटला. पाठीवर ते पोतं कोंबड्या भरल्यासारखं ओरडत होतं.

पहिल्या वाफ्यावरच्या बाईने मान वर केली. "अगंबाई, बुवा! आज बाजार उठवलात की काय?"

"पाणी!" तो म्हणाला. पण धाप इतकी की शब्दाऐवजी हवाच बाहेर आली.

ती हसली. मग पोत्याचा आवाज तिला ओळखू आला आणि हसू तोंडावरच राहिलं. टोपली सोडून ती पुढच्या वाफ्याकडे ओरडत निघाली. तिथून दुसरी. माणसं उठायला लागली, आपापल्या पोरांची नावं घेत उंचवट्याकडे धावायला लागली. त्याच्या अंगावरून उलट्या दिशेने जात होती. ताडमाडने त्याचा दंड धरला.

"बुवा, मागे फिरा! पाणी नळीच्या वर आहे!"

"टोकाचा वाफा," म्हातारा म्हणाला.

"मी हाक मारली. वारा आहे. नाही ऐकू गेली."

"मग जा तिकडे!"

ताडमाड चराच्या दिशेने दहा पावलं गेला आणि थांबला. फळकुट गेलं होतं. बांधाच्या फटीतून आलेल्या पाण्याने चर काठोकाठ भरला होता आणि फळकुट त्यात गोल गोल फिरत होतं. पलीकडे, दोन शेतं अंतरावर, सून उभी होती. तिच्या बाजूने वर चढायची वाट वेगळी होती, बांधाच्या कोपऱ्यातून, पण ती वाट धरायला आधी तिला कळायला हवं होतं. ती पाठमोरी होती. फळी पुढे टाकत होती, ओढत होती, एक पाऊल सरकत होती.

म्हाताऱ्याने पोतं उघडून चराकडे धरलं. सगळा कल्लोळ वाऱ्याने उचलला आणि त्याच्याच तोंडावर फेकला. त्यात सुनेचा नवा फोनही वाजत होता. त्याच्यासाठी तिने नवऱ्याने पाठवलेला फोन देऊन टाकला होता.

त्याने पोतं टाकून दिलं. बांधाच्या उंच भागावर चढला, पाय फाकवून उभा राहिला आणि उजवा हात फिरवायला लागला. रिकामा. हवेत. पुढे, खाली, मागे, वर. भोंग्याचा दांडा जसा फिरवायचा तसाच.

"बुवा, काय करताय?" ताडमाड रडवेला झाला होता. "तिची पाठ आहे!"

"चौदा," म्हातारा म्हणाला. "चौदा वेळा फळी ओढली की ओळ संपते. मग ती वळेल. कंबरेवर हात ठेवेल." मिठागरात सगळे असंच करतात. त्याच्या भावानेही तसंच केलं असतं, ओळ संपली असती तर.

किती झाल्या होत्या ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याने दिसली तिथपासून मोजायला घेतलं. एक. समुद्राकडचा बांध एका जागी ओला होऊन काळा पडला. दोन. तीन. काळा डाग रुंद झाला. तिने मध्येच थांबून फळीला चिकटलेलं मीठ झटकलं. वळ, बाळ, आत्ता वळ. ती वळली नाही. चार. ताडमाडही त्याच्याशेजारी येऊन हात फिरवायला लागला. मागून कोणीतरी आणखी. पाच. म्हाताऱ्याचा खांदा जळत होता. सहा. बांधाच्या माथ्यावरून पाण्याची एक पातळ, चमकदार जीभ आत उतरली आणि तिच्या वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला टेकली. आवाज झाला असेल. तिला तो रोजच्या समुद्राचा वाटला असेल. सात. आठ.

"विठ्ठला, तिची मान वळव," तो म्हणाला. "माझी घे."

नऊ.

नवव्याला ओळ संपली. तिने फळी उभी केली, कंबरेवर हात ठेवला, श्वास घेतला आणि वळली.

बांधावर एक म्हातारा, एक उंच गडी आणि पाच-सहा बायका उभ्या होत्या आणि सगळ्यांचे उजवे हात हवेत गोल गोल फिरत होते. आवाज कसलाच येत नव्हता. क्षणभर ती बघत राहिली, लहान मूल वेडावणाऱ्याकडे बघतं तशी.

मग तिने फळी टाकली आणि कोपऱ्याच्या वाटेकडे धावली. ती वर चढली आणि तिच्या पाठीमागे बांध, पोत्याचं तोंड उसवावं तसा, उसवत गेला.

*

सगळे काट्याच्या शेडपाशी जमले होते. अडुसष्ट. सासूने तीनदा मोजले आणि तिन्ही वेळा सुनेला हात लावून मोजलं. सून म्हाताऱ्याशेजारी बसली होती. त्याचा उजवा खांदा अजून मधूनमधून आपोआप हलत होता. तिने तो दोन्ही हातांनी दाबून धरला होता. खाली वाफे दिसत नव्हते. एक तपकिरी पाणी होतं आणि त्यावर तिची फळी तरंगत होती.

मुकादम धापा टाकत आला. हातातला फोन त्याने कानाला लावलेला होता आणि तो एकसारखी मान हलवत होता.

"साहेब म्हणतात," तो लोकांना म्हणाला, "त्यांच्याकडे पडद्यावर दिसतंय. बासष्टपैकी बासष्ट. सगळ्यांना पोहोचला. साहेबांनी सगळ्यांचं अभिनंदन केलंय."

कोणी टाळी वाजवली नाही. कोणीतरी ते पोतं आणून मध्ये ठेवलं होतं. त्यातून पाणी गळत होतं आणि आत एकदोन फोन अजून बारीक आवाजात वाजत होते.

"उद्याची भरती याच सुमाराला," म्हातारा म्हणाला. "पाऊण तास उशिरा. आणि बांध नाही." मुकादमाकडे बघून नव्हे, जमिनीकडे बघून.

सून उठली. मुकादमासमोर जाऊन तिने हात पुढे केला.

"काय?" मुकादम म्हणाला.

"किल्ली."

"हे बघ, ताई, मला वर विचारावं लागेल. साहेब अजून फोनवर आहेत. दोन दोन इशारे झाले की लोक गोंधळतात, असं त्यांचं—"

तिने हात खाली घेतला नाही. तळहाताला मिठाच्या भेगा होत्या. मागे, गर्दीत, पहिल्या वाफ्यावरच्या बाईने उजवा हात वर केला आणि हवेत फिरवायला लागली. मग ताडमाड. मग काटेवाला, आणि त्याच्याशेजारी त्याची मुलगी, डाव्या हातात सुनेचा जुना फोन घट्ट धरून. एकेक करत सगळे. शब्द कोणाचाच नव्हता, फक्त सदऱ्यांच्या बाह्यांचा फडफडाट.

मुकादमाच्या कानाशी साहेबाचा आवाज येत होता. "हॅलो? हॅलो? तिकडे काय चाललंय? काहीच ऐकू येत नाहीये."

मुकादमाने फोन खाली घेतला आणि कमरेची किल्ली सोडायला लागला. गाठ ओली होती, लवकर सुटेना. म्हातारा तेवढ्यात तेलाचं डबडं शोधायला उठला होता.